गाणारी मंडळी : चर्चमधील समूहगान आणि मराठी उपासना



पंढरपूर तालुक्यातल्या करकंब गावात येऊन चर्चमधल्या गाण्याविषयी बोलायचे, याचे काहींना नवल वाटले असेल. मला मात्र या विषयासाठी हीच जागा योग्य वाटते. देवापुढे चार माणसांनी एका सुरात उभे राहणे म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सप्ताहात टाळ हातात घेऊन उभा राहिलेला माणूस माझे म्हणणे लवकर ओळखेल.

प्रश्न एकच आहे. उपासनेत गायकवृंद कशासाठी असतो? लोकांनी ऐकावे म्हणून, की लोकांनी गावे म्हणून? मी दुसऱ्या उत्तराच्या बाजूचा आहे. वृंदाने साधना करावी, सूर पक्का करावा, पण अखेर त्याच्या आधाराने सगळी मंडळी गाऊ लागली पाहिजे. इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चला हे कधी साधले, कधी निसटले. मराठी चर्चला ते साधले ते पंढरीच्या वाटेवरच्या गाण्याचा आधार घेतल्यावर. ही हकीकत आज आपल्यापुढे मांडायची आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करू. 1534 मध्ये इंग्लंडचे चर्च रोमच्या सत्तेपासून वेगळे झाले; त्यालाच अँग्लिकन चर्च म्हणतात. तोवर तिथली उपासना लॅटिनमध्ये चाले. गाणारे शिकलेले असत आणि त्यांचे संगीत अतिशय गुंतागुंतीचे असे. गावकरी ते ऐकत, पण शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नसत. आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी 1544 मध्ये राजाला लिहिलेल्या पत्रात म्हटले की, शक्यतो प्रत्येक अक्षराला एकच स्वर असावा, म्हणजे शब्द स्पष्ट कळतील आणि भक्तीने म्हणता येतील. 1549 मध्ये इंग्रजी भाषेतले प्रार्थनापुस्तक आले. पुढच्याच वर्षी जॉन मर्बेक यांनी त्यातल्या प्रार्थनांना साध्या, एकेरी चाली बसवून छापल्या. लोकांच्या भाषेत, लोकांना कळेल अशी उपासना, हा त्यामागचा हेतू होता.

या प्रार्थनापुस्तकाने एक नित्यनेम लावून दिला. बायबलमध्ये दीडशे स्तोत्रे आहेत. ती महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली. म्हणजे रोजची उपासना करणाऱ्याची सगळी स्तोत्रे दर महिन्याला म्हणून होतात. पण एक अडचण होती. ही स्तोत्रे गद्यासारखी आहेत. एक ओळ लहान, दुसरी लांबलचक. त्यांना ठरावीक मात्रांची चाल कशी बसवायची? अँग्लिकन गायकांनी त्यावर काढलेला उपाय असा : ओळीच्या सुरुवातीला एकच स्वर धरायचा, त्या स्वरावर लागतील तितकी अक्षरे बोलण्याच्या लयीत म्हणायची आणि ओळ संपत आली की मोजक्या स्वरांची ठरलेली वळणे घेऊन थांबायचे. ओळ लांब असो वा आखूड, चाल तीच राहते आणि बोलण्याची लय मोडत नाही.

आपल्या ओवीत हेच घडते. ओवीच्या चरणात अक्षरे कमी-जास्त झाली तरी म्हणणाऱ्याचे अडत नाही. जात्यावरची बाई असो की ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा वाचक, गळा शब्दांना वाट करून देतो. दोन दूरच्या लोकांनी देवाशी बोलण्यासाठी स्वतंत्रपणे एकच युक्ती शोधली, कारण दोघांना सुरापेक्षा शब्द आधी हवा होता.

आणखी एक साम्य तर डोळ्यांनाच दिसते. अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, गायकवृंद समोरासमोर दोन रांगांत बसतो. दक्षिणेकडच्या रांगेला डिकेनाय म्हणतात आणि उत्तरेकडच्या रांगेला कँटोरिस. स्तोत्राचा एक श्लोक एका बाजूने म्हणायचा, पुढचा दुसऱ्या बाजूने. आपल्या भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये वीणेकरी, शेजारी मृदंग. एका बाजूने चरण उचलावा, दुसऱ्या बाजूने तो झेलावा. दोन्हीकडे गाणाऱ्याचे तोंड गाणाऱ्याकडे आहे. श्रोत्यांकडे तोंड करून बसण्याची पद्धत मैफलीची. उपासनेतला माणूस आपल्या सोबत्याकडे पाहून गातो, त्याचा श्वास सांभाळतो, तो थकला की आपण उचलतो.

फरकही तितकाच मोठा आहे. तिथल्या वृंदात चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गातात : सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास. सोप्रानोची वरची ओळ परंपरेने लहान मुलांकडे असे. चार ओळी एकत्र आल्या की स्वरसंगती तयार होते. हे काम शिकल्याशिवाय जमत नाही, आणि मुलांना त्यासाठी लहानपणापासून शिकवावे लागते. आपले गाणे एका सुरावटीचे. तिच्यातच आलाप, मुरकी, गजर. एका परंपरेने खोली शोधली ती स्वर एकमेकांवर रचून, दुसरीने ती शोधली एकाच ओळीत पुन्हा पुन्हा उतरून. यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही.

आता खेड्यातल्या चर्चकडे येऊ, कारण कॅथेड्रलची गोष्ट ही साऱ्या इंग्लंडची गोष्ट नव्हे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला इंग्लंडच्या गावागावात चर्चच्या पश्चिमेकडच्या माडीवर गावातलेच गायक-वादक बसत. हे विणकर, सुतार, मजूर होते. हातात फिडल, क्लॅरिनेट, बॅसून अशी वाद्ये. त्यांच्या चाली त्यांनी स्वतः उतरवलेल्या वह्यांत असत. कादंबरीकार टॉमस हार्डी यांचे आजोबा आणि वडील अशाच गावच्या ताफ्यात वाजवत. 1833 मध्ये ऑक्सफर्डमधून चर्चच्या नूतनीकरणाची चळवळ सुरू झाली. उपासनेला गांभीर्य यावे, सौंदर्य यावे, ही तिची कळकळ खरी होती. तिच्या प्रभावाने गावच्या चर्चमध्येही वेदीजवळ पांढरे झगे घातलेला वृंद बसू लागला आणि ऑर्गन आला. 1861 मध्ये निघालेल्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या संग्रहाने जुन्या-नव्या गीतांना एकत्र आणले आणि तो इंग्रजी बोलणाऱ्या जगात सर्वत्र पोचला.

यातून मोठा लाभ झाला. गाणे सुधारले, शिस्त आली, मंडळीच्या हातात चांगली गीते आली. पण माडीवरचे विणकर आणि सुतार वाद्ये घेऊन घरी गेले. हार्डी यांनी 1872 मध्ये या विषयावर एक आख्खी कादंबरी लिहिली. उपासना सुधारताना उपासकच बाहेर पडला तर त्या सुधारणेत काहीतरी राहून गेले, हा धडा इंग्लंडच्या खेड्यांनी दिला आहे. तो आपल्यालाही लागू आहे.

हाच साचा जहाजाने मुंबईत आला. फोर्टमधले सेंट टॉमस चर्च 1718 च्या नाताळात उघडले आणि 1837 मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. तिथल्या वृंदाला मुले मिळावीत म्हणून 1875 मध्ये गायक मुलांची शाळा निघाली. आजच्या कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेची एक मुळी त्या शाळेत आहे. कुलाब्याचे अफगाण चर्च 1858 मध्ये पवित्र झाले. या चर्चमधले गाणे इंग्रजी होते आणि मुख्यतः इंग्रजांसाठी होते. पुण्यात मात्र वेगळे घडत होते. चहाच्या प्रकरणामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या पंचहौद मिशनात मराठी बोलणारी अँग्लिकन मंडळी उभी राहिली. तिथल्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. इंग्लंडच्या गावात वाजणाऱ्या घंटा पुण्याच्या पेठेत वाजू लागल्या. पण आत मंडळीने काय गावे, कुठल्या चालीवर गावे, हा प्रश्न घंटांनी सुटणारा नव्हता.

मराठी ख्रिस्ती माणसाला सुरुवातीला जी गीते मिळाली त्यांत पुष्कळशी भाषांतरे होती. शब्द मराठी, चाल इंग्रजी. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी कानाला ऱ्हस्व-दीर्घ आणि अक्षरांची गणती हवी असते. आघाताच्या जागी ऱ्हस्व अक्षर येई आणि गाणाऱ्याला ते उगाच ताणावे लागे. जिथे दीर्घ स्वरावर रेंगाळायचे तिथे चाल पुढे पळे. शहरात, शाळेत शिकलेल्यांना सवयीने ते जमले. खेड्यात ते गीत पुस्तकात राहिले.

यातून वाट काढली ती अहमदनगरने. तिथली अमेरिकन मराठी मिशन अँग्लिकन नव्हती, ती काँग्रिगेशनल पंथाची होती. 1813 मध्ये मुंबईत, 1831 मध्ये नगरला आणि पुढे आपल्या सोलापुरात तिचे काम सुरू झाले. 1860 च्या दशकात नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा आकृतिबंध उचलला. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, मागे झील धरणारे साथीदार. आख्यान मात्र बायबलमधले. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्या पहिल्या फळीतले. त्यांची पदे मराठी चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. कीर्तनात ऐकणारा गप्प बसत नाही. कीर्तनकाराने धृपद सोडले की सभा ते उचलते. मंडळीला गाते करण्याची युक्ती परदेशातून आणावी लागली नाही, ती दाराशीच होती.

मग आले नारायण वामन टिळक. 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात त्यांचा जन्म झाला, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. 1904 मध्ये ते पाळक झाले, 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादक होते आणि 1919 मध्ये मुंबईत वारले. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. बालकवींना आपल्या घरात वाढू देणारे वडीलधारे म्हणून ओळखतो. चर्चमध्ये त्यांची ओळख याहून खोल आहे. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते उघड सांगत. म्हणून ख्रिस्ताची भक्ती गाण्यासाठी त्यांना अभंग परका वाटला नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण, अखेरचा चरण आखूड, तिथे टाळ क्षणभर थांबतो आणि अर्थ मनात उतरतो. हा छंद शतकानुशतके खेड्यातल्या निरक्षर माणसाच्या तोंडी होता. टिळकांनी तोच छंद चर्चच्या उपासनेला दिला. ‘उपासनासंगीत’ या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या गीतपुस्तकात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत, आणि आजही रविवारी त्या गायल्या जातात.

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव इथे न घेऊन चालणार नाही. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ सगळ्यांनी वाचलेली असतात. त्यांनी कीर्तने केली, पतीच्या मागे ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे राहिलेले महाकाव्य पुरे केले. इंग्लंडच्या कॅथेड्रलमध्ये वरचा आवाज शतकानुशतके मुलग्यांकडे होता. सॉल्झबरी कॅथेड्रलने 1991 मध्ये मुलींचा वृंद उभा केला, तेव्हा ती मोठी बातमी झाली. मराठी चर्चमध्ये एक बाई त्याच्या कितीतरी आधी कीर्तनाला उभी राहिली होती, याचा आपल्याला अभिमान असायला हवा.

अँग्लिकन चर्चने टिळकांकडे पाठ फिरवली नाही, हेही सांगितले पाहिजे. जॅक विन्स्लो हे अँग्लिकन पाळक नगरला काम करत होते. त्यांनी टिळकांचे चरित्र लिहिले, त्यांची गीते इंग्रजीत आणली आणि 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम स्थापला. संघात भारतीय आणि इंग्रज सोबती एकत्र राहत, खादी वापरत. पुढे त्याचे केंद्र पुण्याला आले. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून नावाजलेले व्हेरियर एल्विन भारतात प्रथम आले ते याच संघात. भारतीय चर्चला भारतीय वळणाचा उपासनाविधी हवा, असे विन्स्लो यांचे आग्रहाचे मत होते, आणि मुंबई प्रांतात तशी उपासना प्रायोगिक स्वरूपात वापरण्याला मान्यता मिळाली. मिशनरी निकल मॅक्निकल यांनी भाषांतरित केलेले टिळकांचे एक गीत इंग्रजी स्तोत्रसंग्रहांतही गेले. गीते एकाच दिशेने प्रवास करत नाहीत, याचा हा पुरावा.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतातले अनेक पंथ एक झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. अँग्लिकनही त्यात आले, काँग्रिगेशनल परंपरेची मंडळीही आली. मराठी मंडळींना एकत्र बसणे तुलनेने सोपे गेले असेल तर त्यात गाण्याचा वाटा होता, असे माझे मत आहे. प्रार्थनेच्या पद्धतीवर वाद होऊ शकतात. बालपणापासून तोंडी असलेल्या अभंगावर कोण वाद घालणार?

या हकीकतीला एक वेदनेची बाजू आहे आणि ती या तालुक्यात बोललीच पाहिजे. नगर-सोलापूरकडच्या खेड्यांत चर्चमध्ये आलेली पुष्कळ माणसे त्या समाजांतली होती ज्यांना गावच्या देवळाचा उंबरठा बंद होता. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. म्हणजे टिळक अभंग लिहीत होते त्या काळात, ज्या माणसांच्या गळ्यात अभंग पिढ्यांपासून होता त्यांनाच मंदिरात जाऊन तो गाता येत नव्हता. एकतारीवर भजन करणाऱ्या अशा एखाद्या आजोबांचा नातू चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गाऊ लागला, तेव्हा त्याच्या आवाजात त्या आजोबांचा आवाज होता. चर्चमधला अभंग ही उसनवारी आहे, असे कुणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. तो त्यांच्या स्वतःच्या घरातला ठेवा होता.

आता आजच्या स्थितीकडे. इंग्लंडमध्ये संध्याकाळची गायलेली उपासना बीबीसी रेडिओवरून 1926 पासून प्रसारित होते आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये पहिले महायुद्ध संपल्यावर, 1918 च्या नाताळात, नऊ वाचने आणि गीते यांची उपासना सुरू झाली, आणि आता जगभरची माणसे दर नाताळला ती ऐकतात. त्या संध्याकाळच्या उपासनेत मंडळी बराच वेळ शांत असते आणि वृंद सर्वांच्या वतीने गातो. ऐकणे हीसुद्धा उपासना होऊ शकते, हे मी मनापासून मान्य करतो. दिवसभर कष्ट करून आलेल्या माणसाला कधी कुणीतरी आपल्यासाठी गावे असे वाटते, आणि ते गाणे त्याला प्रार्थनेकडे नेते. पण ही शांतता ज्याला स्वतः गाता येते त्याची असली पाहिजे. ज्याला कधी गायलाच मिळाले नाही, त्याच्यावर ती लादलेली असते.

आपल्याकडे लादणे वेगळ्या वाटेने येत आहे. चर्चमध्ये आणि देवळात, दोन्हीकडे मोठे ध्वनिक्षेपक आले. एकदोन गळ्यांपुढे माइक, मागे कीबोर्ड, त्यातलाच तयार ताल. आवाज इतका मोठा की शेजारी गातो आहे की नाही हे कळत नाही. मग शेजारी हळूहळू गायचे सोडतो. इंग्लंडच्या खेड्यात झग्यांनी आणि ऑर्गनने जे केले, ते इथे यंत्र करू शकेल. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. वृंद कशासाठी आहे, याचा विसर पडला की साधन कोणतेही असो, मंडळी मुकी होते.

दुसरी काळजी चालींची आहे. गीतपुस्तकात शब्द असतात, वर राग किंवा चाल लिहिलेली असते. पण प्रत्यक्ष चाल गळ्यात असते. एकाच गीताची नगरची चाल वेगळी, सोलापूरची वेगळी, खेड्यातली आणखी वेगळी. जाणती माणसे गेली की चाली जातात आणि पुस्तकातले शब्द तेवढे उरतात. फडांच्या परंपरागत चालींचीही हीच अवस्था होऊ शकते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ज्येष्ठ गायक-गायिकांकडून जुन्या चाली ध्वनिमुद्रित करून घ्या. आज प्रत्येकाच्या खिशात त्याचे साधन आहे. गावाचे नाव, गाणाऱ्याचे नाव, चाल कुणाकडून शिकली ही माहिती सोबत बोलून ठेवा. दुसरी, आठवड्यातून एक संध्याकाळ तालमीसाठी राखा आणि तीत मुलामुलींना मोठ्यांच्या शेजारी उभे करा. विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती याच जाणिवेने : भक्ती आतून येते, पण पाठांतर, ताल आणि चाल शिकवावी लागते. कॅथेड्रलच्या गायक मुलांची शाळाही हेच सांगते. तिसरी विनंती, चर्चचा वृंद आणि गावचे भजनी मंडळ यांनी वर्षातून एकदा तरी एकमेकांचे गाणे ऐकावे. उपासना ज्याची त्याची राहील. पण ताल धरण्याची, श्वास सांभाळण्याची, नवख्याला सामावून घेण्याची विद्या दोघांची एकच आहे, आणि ती एकमेकांकडून शिकता येते.

मित्रहो, चांगल्या वृंदाची पारख कशी करावी, याची एक कसोटी मी आपल्या हाती देतो. उपासना संपल्यावर लोक काय बोलतात ते ऐका. लोक वृंदाची वाखाणणी करत बाहेर पडले तर गाणे चांगले झाले. लोक स्वतः ते गीत म्हणत बाहेर पडले तर उपासना झाली. क्रॅन्मर यांना हेच हवे होते, टिळकांनी हेच साधले, आणि पंढरीची वाट हे फार पूर्वीपासून करत आली आहे. तुमच्या गावातला सूर धरून ठेवणे आणि पुढच्या पिढीच्या गळ्यात तो घालणे हे काम आता तुमचे-आमचे आहे. त्याला लागा, ही माझी हात जोडून विनंती आहे.